वहीत इंग्रजी आहे, पण ते पोराचं आहे का?

 

मी बचत गटांची समन्वयक. बैठका, हिशेब, बँकेचे कागद हे माझं रोजचं काम. आज मात्र मी मुलांच्या इंग्रजीच्या वहीबद्दल बोलणार आहे. गटवाल्या बाईला इंग्रजीच्या वहीशी काय करायचंय, असं तुमच्या मनात येईल. तर हा विषय माझ्यापुढे कर्जाच्या रजिस्टरातून आला. अंतर्गत कर्जाच्या अर्जात 'कारण' असा एक रकाना असतो. मी कामाला लागले तेव्हा जूनच्या बैठकीत त्या रकान्यात बियाणं, खत, शेळी, घराचे पत्रे असं असायचं. आता जून आला की 'क्लासची फी', 'इंग्लिश मीडियमचं डोनेशन', 'स्पोकन इंग्लिश'. बाई खुरपायला जाऊन, आठवड्याला बचत टाकून जे साठवते, त्यावर कर्ज काढते आणि महिन्याला दोन टक्क्यांनी फेडते. या पैशातून पोराला काय आलं, हे तिला कोण सांगतं? कुणीच नाही. ती वही उघडते. पानं भरलेली दिसतात, अक्षर मोत्यासारखं, खाली लाल शाईत 'व्हेरी गुड'. तिला बरं वाटतं आणि ती पुढचा हप्ता भरते.

मी काही इंग्रजीची शिक्षिका नाही. बी.ए.ला इंग्रजी सक्तीचं होतं, तेवढंच माझं इंग्रजी. पण वही बघायला यायला लागलं, आणि एक सांगते, ती बघायला फार इंग्रजी लागतही नाही.

आमच्या एका गटात एका ताईंच्या घरी हिशेबाला बसले होते. त्यांचा मुलगा सहावीत. ताई कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, बघा की ह्याचं इंग्लिश." मी वही घेतली. निबंध होता 'माय मदर'. छान अक्षरात लिहिलं होतं, आणि मी मोठ्याने मराठीत सांगत गेले : माझ्या आईचं वय पस्तीस आहे. ती शिक्षिका आहे. ती सकाळी साडेनऊला शाळेत जाते. तिला पुस्तकं वाचायचा छंद आहे. दर रविवारी ती आम्हाला बागेत नेते. दहापैकी नऊ गुण.

ताई ऐकत होत्या. हातातलं काम थांबलं होतं. मग हसून म्हणाल्या, "ही कुणाची आई हो?"

मुलगा खाली बघायला लागला. त्याचा काही दोष नव्हता. फळ्यावर होतं ते त्याने उतरवलं होतं. पुढच्या पंधरा दिवसांत मी आणखी दोन घरच्या वह्या बघितल्या, त्यातही तीच पस्तीस वर्षांची शिक्षिका आई आणि तीच रविवारची बाग. गावात बाग नाही. आयांपैकी एक कांद्याच्या लागणीला जाते, एक दळण-कांडण यंत्र चालवते, आणि या ताई मेंढरामागे सहा महिने बाहेर असतात. त्यांच्याबद्दल इंग्रजीत लिहायला केवढं होतं! पण ते लिहायला कुणी सांगितलंच नाही, आणि जे लिहिलं नाही त्याला गुणही मिळाले नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. उतरवणं वेगळं, पाठ करून लिहिणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. लहानपणी उतरवावंच लागतं, हात वळायला हवा. पहिली-दुसरीच्या पोराने ए-बी-सी-डी आणि शब्द उतरवले तर ते योग्यच आहे. पुढे शिक्षक सांगतील ते ऐकून लिहायचं. मग अर्धं वाक्य दिलेलं पुरं करायचं. चित्र बघून दोन ओळी लिहायच्या. आणि मग आपलं आपण. ही चढण आहे. आपलं पोर तिच्या कुठल्या पायरीवर उभं आहे हे बघणं म्हणजेच त्याच्या लेखनाचं मूल्यमापन. पण सहावी-सातवीतलं पोरही पहिल्याच पायरीवर असेल आणि वही मात्र वरच्या पायरीची दिसत असेल, तर गुण खोटं बोलतायत.

शिक्षकांना शिव्या द्यायला मी इथे आलेली नाही. आपल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळा दोन शिक्षकांच्या आहेत. एकेका सरांकडे दोन-दोन वर्ग, सगळे विषय आणि वर ऑनलाइन माहिती भरणं. तीस मुलांनी तीस वेगळे निबंध लिहिले तर तीस निबंध वाचावे लागतात. सगळ्यांनी एकच उतरवला तर बरोबरची खूण करून मोकळं होता येतं. एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी मला हे मोकळेपणाने सांगितलं. त्यांनीच सांगितलं, की नियम तसे चांगले आहेत. महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० साली, आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्याचे दोन भाग. आकारिक म्हणजे वर्षभर वर्गात बसता-उठता, तोंडी, कृतीतून, वहीतून मुलाकडे बघत राहायचं. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी परीक्षा. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिकचे. वर जाऊ तसा हा वाटा कमी होतो, सातवी-आठवीला चाळीस. शिवाय शिक्षकांनी वर्णनात्मक नोंद करायची : हे मूल काय करू शकतं, कुठे अडतं. ती नोंद प्रगतिपुस्तकात येते. आपण बघतो फक्त अ-२ का ब-१. ती ओळ वाचा. किंवा कुणाकडून वाचून घ्या. आणि तिथे सगळ्या वर्गाला 'इंग्रजीत आवड आहे' असंच लिहिलेलं दिसलं, तर विचारा, "सर, माझं पोर स्वतःच्या मनाने इंग्रजीत किती ओळी लिहितं?" एवढा एकच प्रश्न. भांडायचं नाही.

हे आत्ताच का बघायचं? कारण दहावी दूर नाही. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना बोर्डाला तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर ऐंशी गुणांचा असतो, वीस तोंडीचे वगैरे. त्या ऐंशीत पत्र लिहायचं असतं, बातमी असते, गोष्ट पुरी करायची असते, एखाद्या विषयावर आपलं मत मांडायचं असतं. गाईडमधलं पाठ केलेलं पत्र तसंच्या तसं येत नाही. प्रसंग बदलतो. मग 'आईला पत्र' पाठ केलेली मुलगी 'नगरपालिकेला पत्र' आल्यावर तिथेही शेवटी 'युवर लव्हिंग डॉटर' लिहून येते. हसू नका, तिला रडू येतं.

आता आपण घरी काय करू शकतो ते सांगते. ज्यांना इंग्रजी अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी आधी.

पोराला जवळ घ्या, वही उघडा आणि म्हणा, "काय लिहिलंयस ते मला मराठीत सांग." इतकंच. गावागावांत 'असर'चे सर्वेक्षण करणारी मुलं-मुली घरी येतात, तुम्ही बघितली असतील. ज्या वर्षी ते इंग्रजी तपासतात, त्या वर्षी नुसतं वाचून घेत नाहीत, अर्थही विचारतात. आपणही तेच करायचं. पण ते वाचन बघतात, लेखन आपल्यालाच बघायचं आहे. पोराने सांगितलं तर पानाच्या मधल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवा. "ही ओळ काय म्हणते?" पाठ करणारं पोर मधूनच सांगू शकत नाही, त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं, पाढ्यासारखं. मग तिसरी गोष्ट. "आता हेच आईच्या जागी मामावर लिही." आईला इंग्रजीत 'शी' म्हणतात आणि मामाला 'ही'. 'हर'चं 'हिज' करावं लागतं. समजून लिहिणारं पोर अडखळत का होईना बदलतं. न समजणारं मामाला साडी नेसवतं. तुम्हाला अक्षर वाचता आलं नाही तरी त्याचा चेहरा वाचता येतो. ते तर आपण ते जन्मल्यापासून करतोय.

यानंतर महत्त्वाचं. एका कोऱ्या कागदावर, कुठलंही पुस्तक जवळ न घेता, त्याला पाच ओळी लिहायला सांगा. विषय घरातला द्या. आज गोठ्यात काय झालं, टँकर आला तेव्हा काय झालं, म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत काय घेतलं. गाईडमध्ये ज्याचं उत्तर नाही असं काहीही. वेळ द्या, अर्धा तास. शेजारी बसून 'चूक, चूक' करू नका. कागदावर तारीख टाका आणि ठेवून द्या. तीन महिन्यांनी पुन्हा पाच ओळी. दोन कागद शेजारी ठेवले की पोर पुढे गेलं का जागच्या जागी आहे हे कळतं. शेजारणीच्या पोराशी ताडून बघायचं नाही, त्याचं त्याच्याशीच ताडायचं.

असाच एक कागद माझ्याजवळ आहे. मुलाला आणि त्याच्या आईला विचारून सांगते. पाचवीतला मुलगा. त्याने लिहिलंय ते जसंच्या तसं वाचते : "येस्टरडे माय गोट टू बेबी गिव्ह. वन ब्लॅक वन व्हाइट. ब्लॅक बेबी मिल्क नॉट ड्रिंक. माय ग्रँडमदर बॉटल मिल्क गिव्ह. नाऊ ही इज जंपिंग."

काल माझ्या शेळीने दोन पिल्लं दिली. एक काळं, एक पांढरं. काळं दूध पीत नव्हतं. आजीने बाटलीने दूध पाजलं. आता ते उड्या मारतंय.

यात चुका किती? मोजायला बसलं तर जवळजवळ प्रत्येक ओळीत आहे. व्हाइटचं स्पेलिंग त्याने व्ही-ए-आय-टी लिहिलंय, बॉटलचं बी-ओ-टी-एल. परीक्षेत लाल पेनाने कागद रंगून गेला असता. पण मैत्रिणींनो, पाच ओळींत त्याने अख्खी हकिकत सांगितली. काय झालं, मग काय झालं, अडचण काय आली, ती कुणी सोडवली, शेवट काय झाला. मला कळलं, तुम्हालाही कळलं. उतरवलेल्या 'माय मदर'मध्ये एकही चूक नाही आणि एकही खरी गोष्ट नाही. मला विचाराल तर हा शेळीवाला मुलगा पुष्कळ पुढे आहे, आणि तेच मी त्याच्या आईला सांगितलं.

पण नुसतं कौतुक करून भागत नाही. गटात ज्या शिकलेल्या सुना आहेत, बारावी झालेल्या, डी.एड. करून घरी बसलेल्या, त्यांनी असा कागद कसा बघायचा? आधी पेन खाली ठेवा आणि पूर्ण वाचा. अर्थ कळला का? मग गोष्टीला क्रम आहे का? हे दोन्ही झाल्यावर वाक्यं बघा, आणि स्पेलिंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट होतं. आधी स्पेलिंगला गोल, मग अक्षरावर शेरा, आणि काय लिहिलंय ते वाचायचं राहूनच जातं. चारही गोष्टींचं वेगवेगळं मत लिहा. अर्थ चांगला, क्रम चांगला, वाक्यं अजून कच्ची, स्पेलिंग कच्चं. 'दहापैकी चार' म्हटल्यावर पोराला काय करायचं ते कळत नाही. असं वेगळं सांगितलं की कळतं.

चुकांकडेही जरा बघा, त्या उगाच झालेल्या नसतात. "टू बेबी गिव्ह" असं का लिहिलं? कारण आपण म्हणतो 'दोन पिल्लं दिली'. आपलं क्रियापद शेवटी बसतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं, 'माय गोट गेव्ह'. म्हणजे पोर मराठीत विचार करतंय आणि शब्द इंग्रजी घालतंय. शिकण्याच्या वाटेवर प्रत्येकजण हे करतो. 'अ' आणि 'द' पोरं विसरतात, कारण मराठीत तसलं काही नाही. खुर्चीला 'शी' लिहितात, कारण आपली खुर्ची 'ती' असते. 'माझ्याजवळ पेन आहे'चं 'माय निअर पेन' करतात. आणि व्ही-ए-आय-टी? देवनागरीत जवळजवळ जसं बोलतो तसं लिहितो, इंग्रजीत तसं नाही. कानाने ऐकलं तसं त्याने लिहिलं. म्हणजे कान पक्का आहे, डोळ्याला तो शब्द पुरेसा दिसलेला नाही. त्याला दहा वेळा लिहायची शिक्षा देण्यापेक्षा वाचायला पुस्तक द्या.

चुकीचे दोन प्रकार असतात. एक घाईत सुटलेली, दुसरी माहीतच नसलेली. ओळखायची युक्ती सोपी आहे. चूक दाखवू नका, म्हणा, "या ओळीत काहीतरी हललंय, शोध बरं." त्याने शोधली तर घाईची होती, विषय संपला. नाही सापडली तर ते शिकवायचं बाकी आहे. आणि एका वेळी एकच शिकवा. शेळीवाल्या मुलाला त्याच्या चुलतीने फक्त क्रियापदाची जागा दाखवली, बाकी काही नाही. आणि एक गोष्ट आवर्जून सांगितली : "नाऊ ही इज जंपिंग" हे वाक्य तू अगदी नीट बांधलंस. पोराला काय जमलं हेही कुणीतरी सांगायला लागतं, नाहीतर त्याला ते माहीतच होत नाही.

जाता जाता एक आठवण. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने लहान वयात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो मराठीत होता, इंग्रजीत नाही. पण होता शाळकरी मुलीचाच निबंध. तो आजही वाचला जातो, कारण तिने आपल्या माणसांचं लिहिलं. पस्तीस वर्षांची शिक्षिका आई लिहिली असती तर कुणी जपला असता?

आता आमच्या गटात यावरून काय झालं तेही सांगते, कारण सगळं गोड झालं नाही. मी बैठकीत मांडलं, की फीसाठी कर्ज देताना पोराच्या पाच ओळींचा कागद अर्जाला जोडू, आणि तीन महिन्यांनी दुसरा. एक जुन्या ताई ताडकन म्हणाल्या, "म्हणजे आता पोराची परीक्षा घेऊन आम्हाला कर्ज देणार? शेळीला कर्ज देताना शेळीचं दूध काढून बघता का?" दुसरी म्हणाली, "बघतोच की, दात बघतो, कास बघतो." बरीच बोलाचाली झाली. जुन्या ताईंचं म्हणणं खरं होतं. कर्ज बाईच्या पतीवर आणि बचतीवर मिळतं, पोराच्या हुशारीवर नाही. ज्याला येत नाही त्यालाच तर क्लासची गरज. म्हणून अट घालायची नाही असं ठरलं. कागद मात्र ठेवायचा. ज्या आईला ठेवायचा असेल तिने, आपल्यासाठी.

त्यानंतर एका ताईंनी तीन महिन्यांचे दोन कागद घेतले आणि तालुक्याच्या गावी क्लासवाल्या सरांकडे गेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "सर, हे जूनचं, हे सप्टेंबरचं. यात फरक कुठंय ते मला दाखवा." सर म्हणाले, आमचा सिलॅबस ठरलेला असतो. ताई म्हणाल्या, "सिलॅबस तुमचा ठरलाय, पैसे माझे ठरलेत." दिवाळीनंतर मुलीला त्यांनी तिथून काढलं. आता ती मुलगी आणि आणखी सहाजणी संध्याकाळी त्या डी.एड. झालेल्या सुनेकडे बसतात. ती मुलीमागे थोडे पैसे घेते, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते ठरवले, फुकट नाही. तिचंही शिक्षण कुजत होतंच की. इंग्रजी फाडफाड बोलायला लागल्या असं मी सांगणार नाही. पण दर शनिवारी प्रत्येकीच्या पाच ओळी होतात, आणि त्या पाच ओळी कुणाच्याच सारख्या नसतात. गेल्या शनिवारी एकीने लिहिलं होतं, की टँकरच्या रांगेत तिचा हंडा कुणीतरी मागे सरकवला. रागाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो शब्द मराठीतच लिहिला आणि खाली रेघ मारली. सुनेने तिथे चूक केली नाही. शब्द सांगितला, आणि मुलीने तो शेजारी लिहून घेतला.

तुमच्या गटाची बैठक या महिन्यात असेलच. येताना पोराच्या पाच ओळींचा कागद आणा, तारीख टाकलेला. वाचून दाखवायची सक्ती नाही, आणि पोराला सगळ्यांपुढे उभं करून विचारायचं तर मुळीच नाही. पेटीत पासबुकांच्या खाली एक पिशवी ठेवलीय, त्यात तो राहील. पुढचा कागद तीन महिन्यांनी.